एक इंजिन आणि अथांग सागर

जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे इंजिन बंद पडले, तर एखाद्या शेतात किंवा माळरानावर विमान उतरवता येते. खुल्या समुद्रावर तशी सोय नसते. त्यातून विमानाला एकच इंजिन असेल, तर दुसरा आधारही उरत नाही. हा धोका पुरता ओळखूनही चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ साली एका इंजिनाच्या विमानातून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला.

लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झाला. मिनेसोटा राज्यातील लिटल फॉल्स येथील शेतावर त्यांचे बालपण गेले. यंत्रांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून १९२२ साली ते विमानविद्येकडे वळले. गावोगावी हवाई कसरती दाखवून आणि पुढे लष्करी प्रशिक्षण घेऊन १९२६ साली ते सेंट लुईस ते शिकागो या मार्गावर टपाल नेऊ लागले. त्या एका वर्षातच खराब हवामानात इंधन संपल्यामुळे त्यांना दोनदा हवाई छत्रीने उडी घ्यावी लागली. हवामान आणि इंधन यांचे मोल ते असे अनुभवातून शिकले.

न्यू यॉर्क व पॅरिस यांदरम्यान कोठेही न थांबता उड्डाण करणाऱ्यास रेमंड ऑर्टिग या हॉटेलमालकाने १९१९ साली २५,००० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच वर्षी अल्कॉक व ब्राउन यांनी दोन इंजिनांच्या विमानातून अटलांटिक ओलांडला. परंतु न्यू यॉर्क–पॅरिस हे अंतर त्यांच्या मार्गाच्या जवळजवळ दुप्पट होते. सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फोंक यांचे तीन इंजिनांचे अवजड विमान धावपट्टीवरच कोसळले व दोन सहकारी मृत्युमुखी पडले. एप्रिल १९२७ मध्ये आणखी एक तीन इंजिनांचे विमान चाचणीच्या वेळी पडून दोन नौदल अधिकारी दगावले.

अधिक इंजिने म्हणजे अधिक सुरक्षितता, असा सर्वसाधारण समज होता. लिंडबर्ग यांनी वेगळा हिशेब मांडला. इंजिने वाढली की वजन वाढते, इंधन अधिक लागते आणि त्या इंधनाचेही वजन वाढते. इंधनाने भरलेले विमान एक इंजिन बंद पडल्यावर उरलेल्या दोन इंजिनांवर तग धरील, याची खात्री नव्हती. म्हणजे तीन इंजिनांमुळे बिघाडाची शक्यताच तिप्पट होत होती. त्यापेक्षा हवेने थंड होणारे एकच विश्वासार्ह इंजिन त्यांना श्रेयस्कर वाटले.

सॅन दिएगो येथील रायन कंपनीत अभियंता डोनाल्ड हॉल यांच्या साहाय्याने सुमारे दोन महिन्यांत 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' हे विमान तयार झाले. त्यात सुमारे १,७०० लिटर इंधन मावत असे. अपघातात इंजिन व टाकी यांच्यामध्ये वैमानिक चिरडला जाऊ नये, म्हणून मुख्य टाकी त्याच्या पुढे बसवली. त्यामुळे समोरचे दिसणे बंद झाले. तो तोटा त्यांनी स्वीकारला. वजन वाचवण्यासाठी बिनतारी संदेशयंत्र आणि हवाई छत्री वगळली. रबरी तराफा मात्र बरोबर घेतला.

८ मे १९२७ रोजी पॅरिसहून निघालेले फ्रेंच वैमानिक नंजेसर व कोली बेपत्ता झाले. त्यांचे विमानही एकाच इंजिनाचे होते. तरीही लिंडबर्ग यांनी बेत बदलला नाही. हवामान निवळण्याची चिन्हे दिसेपर्यंत ते थांबले. २० मे रोजी सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी चिखलाच्या धावपट्टीवरून विमानाने कसेबसे उड्डाण केले.

रात्री ढगांत शिरताच पंखांवर बर्फ साचू लागले. लिंडबर्ग यांनी तत्काळ विमान वळवून ढगांबाहेर काढले. इंजिनाने दगा दिला नाही. खरा शत्रू ठरली झोप. आदल्या रात्री त्यांना झोप मिळाली नव्हती आणि एकट्याने जाण्याच्या निर्णयामुळे पाळी घेणारा दुसरा वैमानिक नव्हता. विमान स्वभावतः अस्थिर होते. हाताची पकड सैल होताच ते मार्ग सोडे आणि त्यांना जागे करी. सुमारे २७ तासांनंतर मासेमारी नौका दिसल्या, मग आयर्लंडचा किनारा. २१ मे रोजी रात्री, साडेतेहतीस तासांत सुमारे ५,८०० किलोमीटर अंतर कापून, ते पॅरिसला उतरले. तेव्हा टाकीत ३०० लिटरहून अधिक इंधन शिल्लक होते.

पुढील आयुष्यात त्यांना कीर्ती मिळाली, तसे दुःखही. १९३२ साली त्यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण होऊन हत्या झाली. १९४१ साली अमेरिकेने युद्धात उतरू नये असा प्रचार करताना त्यांनी ज्यूंवर दोषारोप केला आणि त्यावर कठोर टीका झाली. आकाशात अचूक ठरणारी बुद्धी सर्वत्र अचूक ठरतेच असे नाही. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांवर त्यांचे निधन झाले.

लिंडबर्ग यांच्या उड्डाणात दैवाचाही वाटा होता, हे नंजेसर व कोली यांच्या अंतावरून कळते. धोका शून्यावर आणणे कोणालाच शक्य नसते. कोणता धोका टाळायचा, कोणता कमी करायचा आणि कोणता जाणीवपूर्वक पत्करायचा, हे निघण्यापूर्वी ठरवणे मात्र माणसाच्या हाती असते. साहस आणि अविचार यांतील अंतर तेवढेच आहे.