तारण आधी, कामं मग

लंडनला सिटी रोडवर मेथडिस्टांचे जॉन वेस्ली यांचं घर अजून आहे. ऑक्सफर्डला असताना ते उपास करत, तुरुंगात कैद्यांना भेटत. पण १७३६मध्ये अमेरिकेला जाताना जहाज वादळात सापडलं, नि मरणाच्या भीतीने ते गारठले. शेजारी मोरेव्हियन मंडळी मात्र शांतपणे स्तोत्र गात होती! मग आपली पुण्याई काय कामाची? उत्तर २४ मे १७३८ला लंडनमध्येच, रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना मिळालं: तारण कमवायचं नसतं, विश्वासाने मिळतं. म्हणून कामं सुटली? छे, वाढली. किंग्जवूडच्या खाणकामगारांना उपदेश, गरिबांना औषधं, गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका. १७९१मध्ये ते वारले. आपली शवपेटी वाहणाऱ्या सहा गरिबांना एकेक पौंड द्यावा, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.