विश्लेषण : मळेकऱ्यांकडून रोमन नाणी घेणारा, आणि ती थेट सम्राटाच्या हातात ठेवणारा कवी पेत्रार्क कोण होता?

रोमन चांदीची नाणी जमवण्याचा छंद आज जगभर आहे. पण रोमन साम्राज्य बुडाल्यावर कित्येक शतकं या नाण्यांना फक्त धातूचा भाव होता. सापडली की वितळवायची. ती वाचायची असतात, त्यावरचा माणूस ओळखायचा असतो, हे युरोपात ज्यांनी पहिल्यांदा मनावर घेतलं त्यांत १४व्या शतकातला इटालियन कवी फ्रान्चेस्को पेत्रार्क याचं नाव सर्वात वर येतं.

वकील व्हायचं होतं, पण...

पेत्रार्कचा जन्म २० जुलै १३०४ रोजी अरेझ्झोचा. वडील नोटरी. राजकारणामुळे फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेले. पुढे कुटुंब फ्रान्समधल्या आविन्योंकडे गेलं, कारण तेव्हा पोपचा दरबार तिथे होता. मुलाने कायदा शिकावा, ही वडिलांची इच्छा. आधी माँपेलिए, मग बोलोन्या. मुलगा मात्र लपूनछपून जुनी लॅटिन पुस्तकं वाचत होता. वडिलांना पुस्तकं सापडली आणि त्यांनी ती आगीत टाकली. पोरगं रडू लागल्यावर व्हर्जिल आणि सिसेरो तेवढे बाहेर काढले. (डिग्री एका विषयाची आणि जीव दुसऱ्यातच, हा प्रकार इंजिनिअरिंगवाल्यांना समजावून सांगायला नको.) १३२६मध्ये वडील गेले आणि कायद्याचं शिक्षणही तिथेच सुटलं.

१३४१मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर त्याला राजकवीचा मुकुट मिळाला. १३४५मध्ये व्हेरोनात त्याला सिसेरोची विस्मरणात गेलेली पत्रं सापडली.

नाणी कुठून मिळायची?

रोम तेव्हा ओसाड होतं. जुन्या शहराच्या मोठ्या भागावर द्राक्षमळे होते. खणताना मळेकऱ्यांच्या कुदळीला काहीबाही लागायचं, कधी कोरीव रत्न, कधी सोन्या-चांदीचं नाणं. पेत्रार्क रोममध्ये असला की हे लोक त्याच्याकडे यायचे. विकत घ्या, नाहीतर निदान हा चेहरा कोणाचा ते सांगा, असा त्यांचा आग्रह असे.

चांदीच्या नाण्याचं नाव डेनारियस. दिनार हा शब्द त्यावरूनच आला. वजन साधारण ४ ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या आसपास, पण आकाराने लहान. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा मारायचा, की नाणं तयार. हाताचं काम असल्याने ठसा अनेकदा सरकायचा आणि कडेची अक्षरं कापली जायची. त्यात मजकूर संक्षेपात. म्हणजे नाणं वाचायचं तर आधी रोमचा इतिहास पाठ हवा. तो पेत्रार्कला होता. सम्राट वेस्पासियनच्या चेहऱ्याचं जे वर्णन चरित्रकार सुएटोनियसने केलं आहे, ते त्याने नाण्यावरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिलं. ग्रंथ एकीकडे, वस्तू दुसरीकडे आणि दोन्ही जुळतात का, हे बघणं. आज ही पद्धत साधी वाटते, तेव्हा नव्हती.

ती दान का केली?

रोम पुन्हा उभं राहावं, हा त्याचा ध्यास होता. १३४७मध्ये कोला दि रिएन्झो या नोटरीने रोमची सत्ता हाती घेतली, तेव्हा पेत्रार्कने त्याला जाहीर पाठिंबा दिला. कोलाही जुने शिलालेख वाचणारा. पण ऑक्टोबर १३५४मध्ये रोमच्या जमावानेच त्याला ठार केलं.

आता आशा उरली ती सम्राट चार्ल्स चौथा याच्याकडून. त्याच वर्षी तो इटलीत आला आणि डिसेंबरात ५० वर्षांचा पेत्रार्क कडाक्याच्या थंडीत मिलानहून मँटुआला त्याच्या भेटीला गेला. पेत्रार्क थोर रोमन पुरुषांची चरित्रं लिहीत होता. सम्राटाने ते पुस्तक मागितलं. सम्राटाने तशी कर्तबगारी दाखवली तर ते त्याला अर्पण करू, असं पेत्रार्कने सुनावलं आणि पुस्तकाऐवजी स्वतःच्या संग्रहातली काही सोन्याची, काही चांदीची नाणी त्याच्या हातात ठेवली. त्यांत ऑगस्टसचा चेहरा होता, अगदी जिवंत वाटावा असा. तुम्ही यांच्या गादीवर बसला आहात, तर यांच्यासारखे व्हा, असा त्या भेटीचा अर्थ होता आणि तो त्याने तोंडावर सांगितलाही. संग्राहकाला आवडतं नाणं हातचं सोडणं किती जड जातं, हे संग्राहकच जाणे.

चार्ल्सने काय केलं? ५ एप्रिल १३५५ रोजी रोममध्ये मुकुट घालून घेतला, पोपला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याच दिवशी शहर सोडलं आणि आल्प्स ओलांडून परत गेला. पेत्रार्कने त्याला संतापून पत्र लिहिलं.

मग बनावट सनदा कशा पकडल्या?

संबंध मात्र तुटले नाहीत. १३६१मध्ये चार्ल्सने त्याच्याकडे एक नाजूक काम पाठवलं. ऑस्ट्रियाचा ड्यूक रुडॉल्फ चौथा काही जुन्या सनदा पुढे करत होता. ऑस्ट्रियाला खास अधिकार देणाऱ्या या सनदा म्हणे खुद्द ज्युलियस सीझर आणि नीरोच्या! पेत्रार्कने त्या निकालात काढल्या. सीझर स्वतःला आम्ही म्हणत नसे. ऑगस्टस ही पदवी त्याच्यानंतर आलेल्या ऑक्टेव्हियनची, ती सीझरच्या नावापुढे कशी? आणि रोमन रिवाजाप्रमाणे तारीख आणि कॉन्सलची नावं कुठे आहेत? नावं, पदव्या, कालक्रम. नाण्याच्या कडेवरची तुटकी अक्षरं लावताना जे ज्ञान लागतं, तेच इथे कामी आलं.

त्याच वर्षी प्लेगने त्याचा मुलगा नेला. जुलै १३७४मध्ये, ७०वा वाढदिवस तोंडावर असताना, आर्क्वा या गावी पेत्रार्क वारला.

सनदांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. बनावट असल्याचं उघड होऊनही, १४५३मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसरा याने रुडॉल्फचे ते दावे मान्य केले. फ्रेडरिक रुडॉल्फच्याच हॅब्सबर्ग घराण्यातला होता.