शिरोडकरांचा टाका आणि डॉक्टरांची जबाबदारी

जगभरातील प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक गोमंतकीय आडनाव गेली सात दशके टिकून आहे. ‘शिरोडकर टाका’ या शस्त्रक्रियेचे जनक डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा येथे झाला. हुबळीत शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. व १९२७ मध्ये एम.डी. झाल्यावर १९३१ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. मिळवली. परतल्यावर जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले.

चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन:पुन्हा गर्भपात होणाऱ्या स्त्रिया तेथे त्यांच्यासमोर येत. विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे यांचा अशा वेळी फारसा उपयोग होत नसे. दोष गर्भात किंवा आईच्या वागण्यात नसून सैल झालेल्या गर्भाशयमुखात आहे, असा निष्कर्ष शिरोडकरांनी काढला. घरोघरी सुनेलाच बोल लावला जाण्याच्या त्या काळात या निष्कर्षाचे मोल केवळ वैद्यकीय नव्हते. रुग्णेच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती आवळण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील मॅकडोनाल्ड यांनी तिचे सोपे रूप मांडले. आज तेच अधिक वापरले जाते.

टाका कोणाला घालायचा, हे मात्र शिरोडकरांना आधीच्या गर्भपातांचा इतिहास विचारून आणि बोटांनी तपासूनच ठरवावे लागे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याचे तंत्र १९५८ मध्ये जगापुढे ठेवले, पण ते भारतात सर्वदूर पोहोचलेले पाहणे शिरोडकरांच्या नशिबी नव्हते. त्या काळी जुळे आहे हे कित्येकदा पहिले बाळ जन्मल्यावरच कळे.

आता लोणारसारख्या तालुक्याच्या गावातील गर्भवतीलाही जुळ्याची शंका येताच सोनोग्राफीला पाठवले जाते. दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे पहिल्या तीन महिन्यांतच पाहावे लागते. वार एकच असेल तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी करतात. गर्भाशयमुखाची लांबीही सोनोग्राफीनेच मोजतात. एकट्या गर्भासाठी वरदान ठरलेला टाका जुळ्यांत सरसकट घातल्यास लाभ होत नाही. मुख आखूड दिसले म्हणून टाका घातलेल्या जुळ्यांच्या मातांत मुदतपूर्व प्रसूती उलट वाढल्याचे २००५ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले. शिरोडकरांच्या हयातीत हे कळण्याचा मार्गच नव्हता.

मग चूक कशाला म्हणायचे? पुण्यातील एका शल्यविशारदाविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, म्हणजे शिरोडकर हयात असतानाच, डॉक्टरची कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारावा की नाही, उपचार कोणते करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणे त्याला बंधनकारक आहे. त्या तरुण रुग्णाच्या वडिलांना तीन हजार रुपये भरपाई मिळाली होती. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. डॉक्टरचे वर्तन घटनेच्या वेळच्या ज्ञानावर जोखायचे, खटल्याच्या वेळच्या नव्हे. आणि एखादे उपकरण वापरले नाही हा आरोप ते उपकरण तेव्हा सर्वसाधारणपणे उपलब्ध असेल तरच टिकतो. या मोजपट्टीवर शिरोडकरांची बोटे निर्दोष ठरतात. सोनोग्राफी यंत्र हाताशी असूनही जुळ्यांची वार न पाहणाऱ्याला मात्र ती सवलत मिळणे कठीण.

गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावरही शिरोडकरांनी स्वतंत्र शस्त्रक्रिया विकसित केली. भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या संस्थापक सदस्यांत ते होते. त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये एडिंबरोहून निघाला आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७१ मध्ये ते पद्मविभूषणचे मानकरी ठरले. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले.