संगीतकार सरस्वतीदेवी

गुलाबाईची गाणी आपण साऱ्याजणी म्हणतो. पण त्यांच्या चाली बांधणाऱ्या बायांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. मुंबईच्या एका स्त्रीने बांधलेल्या चाली साऱ्या देशाने म्हटल्या, पण तिलाही आपले खरे नाव झाकावे लागले.

सरस्वतीदेवींचे खरे नाव खोरशेद मिनोचेर-होमजी. जन्म १९१२ साली, पारशी घराण्यात. लहानपणापासून गाण्याची ओढ. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे त्या धृपद-धमार शिकल्या. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. तिथे त्या व त्यांची बहीण माणेक 'होमजी भगिनी' म्हणून कार्यक्रम करू लागल्या.

पुढे हिमांशु राय यांनी दोघींना 'बॉम्बे टॉकीज'मध्ये बोलावले. 'जवानी की हवा' (१९३५) या चित्रपटाला खोरशेदनी संगीत दिले, माणेकने काम केले. चांगल्या घरच्या मुली सिनेमात गेल्या म्हणून समाजात मोठा गहजब झाला. तेव्हा राय यांनी खोरशेदचे सरस्वतीदेवी व माणेकचे चंद्रप्रभा असे नामकरण केले. नावे बदलली, पण बहिणींनी काम सोडले नाही. माणेकचा गळा बसला तेव्हा खोरशेदनी पडद्याआडून तिच्यासाठी गाऊन वेळ निभावून नेली, असे सांगतात.

त्या काळी नट-नटींना स्वतःच गावे लागे. अशोककुमार व देविकाराणी काही शिकलेले गवई नव्हते. सरस्वतीदेवींनी आपली विद्या मिरवली नाही. त्यांच्या गळ्याला झेपतील अशा सोप्या, गोड चाली बांधल्या आणि पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्या. 'अछूत कन्या' (१९३६) चित्रपटाची गाणी म्हणूनच घरोघरी पोहोचली. 'कंगन' व 'बंधन' या चित्रपटांना त्यांनी रामचंद्र पाल यांच्या जोडीने संगीत दिले. 'झूला' (१९४१) हा चित्रपटही त्यांचाच.

पुढे काळ बदलला, नवे संगीतकार आले. सरस्वतीदेवी मागे पडल्या. १९८० साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांची आठवण थोड्यांनाच होती.

अवघड ते शिकावे, आणि दुसऱ्याला देताना सोपे करून द्यावे, हे मला त्यांच्या चरित्रात मोठे वाटते. आपल्या मंडळातही कुणी नवी चाल बसवते, कुणी गाणे रचते. भगिनींनो, वहीत गाणे उतरवताना खाली त्या बाईचे नावही लिहीत जाऊ या.