दगडावरची पावले

एडवर्ड हिचकॉक यांचे नाव आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी घेत नाही. पण न्यू इंग्लंडच्या ज्या मंडळ्यांतून गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले, त्याच मंडळ्यांतले ते पाळक.

त्यांचा जन्म २४ मे १७९३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील डिअरफील्ड गावी झाला. वडील टोप्या करीत; घरची गरिबी. मुलाला ताऱ्यांचे वेड, हार्वर्डला जाण्याची आशा; पण ऐन तारुण्यात आजारपणाने डोळे अधू झाले आणि ती आशा संपली. १८२१ साली त्यांनी ऑरा व्हाइट यांच्याशी लग्न केले व कॉनवे येथे पाळकाचे काम पत्करले. प्रकृतीला तेही झेपेना. १८२५ पासून ते ॲम्हर्स्ट कॉलेजात शिकवू लागले. पुढे तेथलेच अध्यक्ष झाले.

१८३५ साली ग्रीनफील्ड येथे रस्त्याकडेला फरशा बसविताना डेक्स्टर मार्श या मजुराला दगडात तीन बोटांची पावले दिसली. गावचे डॉक्टर जेम्स डीन यांनी हिचकॉकना पत्राने कळविले. असा दगड १८०२ सालीच साउथ हॅडलीत प्लायनी मूडी या मुलाच्या नांगराला लागला होता, आणि लोकांनी थट्टेने ती नोहाच्या कावळ्याची पावले ठरविली होती. हिचकॉक मात्र पुढे जवळजवळ तीस वर्षे कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या खाणी धुंडाळीत राहिले.

तळ्याकाठच्या मऊ चिखलातून प्राणी चालून गेला, चिखल उन्हाने वाळला, वर नवा गाळ बसला आणि साऱ्याचा दगड झाला. कुठे पावसाच्या थेंबांचे खळगे, कुठे लाटांच्या वळ्या. हाडे जवळजवळ नाहीतच. नुसत्या पावलांवरून हिचकॉकनी १८३६ साली लिहिले की हे प्रचंड पक्षी असावेत. अनेकांना ते पटेना. मग न्यूझीलंडहून मोआ पक्ष्याची अवाढव्य हाडे आली, तेव्हा त्यांना धीर आला.

पृथ्वी फार जुनी आहे आणि उत्पत्तीच्या पहिल्या वचनानंतर अपार काळ लोटला असावा, असे ते मानीत. त्यावरून मोझेस स्टुअर्ट यांच्यासारख्या शास्त्रपंडिताशी त्यांचा छापील वाद झाला. त्यांनी ना पवित्र शास्त्र सोडले, ना हातोडा. शोध कोणाचा यावरून डीन यांच्याशी झालेला वाद मात्र कटू होता. तेथे हिचकॉकनी थोडे उदार व्हायला हवे होते, असे आम्हांस वाटते. बिचाऱ्या मार्शचे नाव तर दोघांच्या भांडणात मागेच राहिले.

१८५८ साली त्यांचा पाऊलखुणांवरील मोठा ग्रंथ निघाला. त्यांच्या पुस्तकांची आणि वर्गातली कितीतरी चित्रे ऑराबाईंनी काढलेली. त्या मे १८६३ मध्ये वारल्या. नऊ महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८६४ रोजी, हेही गेले.

ती पावले सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीची, आणि त्यांतली तीन बोटांची मोठी पावले डायनोसॉरची, हे नंतर ठरले. हिचकॉक चुकले असे म्हणून पुष्कळांनी त्यांना बाजूला सारले. आज शास्त्रज्ञ पक्ष्यांना डायनोसॉरच्याच कुळातले मानतात. त्यांनी जमविलेल्या फरशा ॲम्हर्स्टच्या बेनेस्की संग्रहालयात आहेत. अशा दगडावर तिरका उजेड पडला की एकेक बोट वेगळे दिसते.