अंगणातील शाळा

शाळा म्हटली की भिंती, छप्पर, बाके आणि फळा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु घरापुढचे अंगण आणि गुरांचे कुरण यांचीही शाळा होऊ शकते, हे ताराबाई मोडक यांनी कृतीने सिद्ध केले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. स्त्रियांना उच्च शिक्षण दुर्लभ असलेल्या त्या काळात, १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती त्यांना मान्य होती; परंतु तिची साधने महाग. खेड्यातील गरिबांना ती कशी परवडावीत? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच त्यांच्या दारी नेली. अंगण झाडून तेथे वर्ग भरू लागला. शिंपले, खडे, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. मुले मोजू लागली, गाऊ लागली. वर्ग डोळ्यांपुढेच भरत असल्यामुळे आईबापांनाही स्वच्छतेचे व बालसंगोपनाचे धडे मिळू लागले. अशा रीतीने एकच अंगण मुलांची शाळा झाले आणि वस्तीचीही.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांनी गुरे सोडून शाळेत यावे तरी कसे? तेव्हा शिक्षकच कुरणावर जाऊ लागले आणि कुरणशाळा जन्मास आली. झाडाची सावली हे तिचे छप्पर, भोवतालची सृष्टी हेच तिचे पुस्तक! गुरांवर लक्ष ठेवता ठेवता मुले अक्षरे गिरवू लागली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, बालविकासाची देशव्यापी योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. आज दाभोळच्या खाडीकाठापासून विदर्भातील रानापर्यंत गावोगावी अंगणवाड्या भरतात. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हीच ताराबाईंच्या जीवनाची शिकवण होय.