वेदनेचे चार पदर जाणणारी डॉक्टर

कर्करोग हाताबाहेर गेला की उपचार थांबवायचे आणि रुग्णाला त्याच्या वेदनेच्या स्वाधीन करायचे, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ गृहीतच धरले जाई. ते नाकारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडननजीकच्या बार्नेट येथे झाला. महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा पदवी पूर्ण करून त्या रुग्णालयीन समाजसेविका म्हणून परतल्या.

तेथेच त्यांना डेव्हिड टास्मा हा वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित भेटला. कर्करोगाइतकीच आयुष्य निष्फळ गेल्याची खंत त्याला पोखरत होती. १९४८ मध्ये मृत्यू पावताना त्याने त्यांच्या नियोजित शुश्रूषागृहातील एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. पुढे एका शल्यविशारदाच्या सल्ल्याने त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या.

व्यसन लागेल या धास्तीने त्या काळी वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन दिले जाई. लंडनच्या सेंट जोसेफ शुश्रूषागृहात सॉन्डर्स यांनी ते ठरावीक अंतराने, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, देण्याचा आग्रह धरला. रुग्ण शांत तरीही सावध राहतात, हे त्यांनी शेकडो नोंदींतून दाखवून दिले. शरीर, मन, कुटुंब आणि अध्यात्म अशा चारही अंगांनी वेदनेकडे पाहणारी समग्र वेदनेची संकल्पना त्यांनीच मांडली. केवळ औषधाने भागत नाही; भय, घरच्यांची काळजी आणि जगण्याच्या अर्थाचा प्रश्न यांचीही दखल घ्यावी लागते, हे तिचे सार.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये त्यांचे सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह सुरू झाले. उपचार, संशोधन व अध्यापन तेथे एकत्र नांदले. दोन वर्षांत घरपोच सेवाही सुरू झाली. दयामरणाला त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता. वेदना नीट हाताळली, तर मरणाची याचना बहुधा उरत नाही, अशी त्यांची धारणा होती.

हा विचार १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदनाच्या रूपाने भारतात रुजला. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे येथे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, तरी गरजू रुग्णांपैकी अनेकांपर्यंत ते आजही पोहोचत नाही.

१४ जुलै २००५ रोजी, ८७ व्या वर्षी, सॉन्डर्स यांचे कर्करोगानेच निधन झाले. तेही त्यांनी उभारलेल्या शुश्रूषागृहात. इतरांसाठी त्यांनी मागितलेला शांत, सन्मानाचा निरोप त्यांनाही लाभला. तो आपल्याकडील सामान्य रुग्णाच्या वाट्याला कधी येणार, हा प्रश्न मात्र उरतोच.